‘फाइल निवडा’ या बटणामागे नेमकं काय घडतं? आपल्या प्रोग्राममध्ये ही खिडकी कशी बसवायची?

स्कॉलरशिपचा फॉर्म असो, पीकविम्याचा अर्ज असो की नोकरीसाठी बायोडेटा पाठवायचा असो, एक बटण हमखास समोर येतं. ‘फाइल निवडा’. त्यावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते. डावीकडे डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स. उजवीकडे फाइल्सची यादी. खाली ‘ओपन’ आणि ‘कॅन्सल’. आपण फाइल शोधतो, डबल क्लिक करतो आणि पुढे जातो.

या खिडकीला फाइल डायलॉग म्हणतात. आपण ती इतक्या वेळा वापरतो की तिच्याकडे लक्षच जात नाही. पण कॉलेजमध्ये पायथन किंवा जावा शिकणाऱ्या कुणालाही विचारा. पहिला प्रोग्राम लिहून झाला, मित्राला दिला आणि मित्र म्हणाला, “अरे, चालत नाही, फाइल सापडत नाही म्हणतंय.” या अडचणीवरचा उपाय म्हणजे हीच खिडकी.

ही खिडकी आली कुठून, ती आपल्या प्रोग्राममध्ये कशी बसवायची, मराठी नावांच्या फाइल्स का अडतात आणि या सगळ्याचा तुमच्या आधार कार्डाच्या फोटोशी काय संबंध आहे, ते एकेक करून बघू.

उदाहरण घेऊ दूध बिलाचं

अहिल्यानगर जिल्ह्यात नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरा नदीच्या काठी कोल्हार आहे. भगवतीमातेच्या मंदिरासाठी ओळखलं जाणारं गाव. शेजारीच लोणी-प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो हाच परिसर. ऊस आणि दूध यांवर इथलं घर चालतं, त्यामुळे माप आणि हिशोब हा इथे रोजचा विषय.

दुधाचं गणित तुम्हाला माहीत असेलच. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालायचं, फॅट आणि एसएनएफ तपासायचं, त्यावर दर ठरतो आणि साधारण दर दहा दिवसांनी बिल निघतं.

आता समजा, कोल्हारमधल्या एका केंद्रचालकाची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. वडिलांचं काम हलकं व्हावं म्हणून तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. मशीनमधून निघालेली सीएसव्ही फाइल वाचायची (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी मजकूर फाइल) आणि प्रत्येक शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल काढायचं.

प्रोग्राममध्ये तिने फाइलचा पत्ता थेट लिहून टाकला. डी ड्राइव्ह, त्यात ‘दूध’ फोल्डर, त्यात १ ते १० जूनची फाइल. पहिलं बिल बरोबर निघालं. सगळे खूश.

पुढची फाइल आली ११ ते २० जूनची. आता पत्ता बदलायला कोड उघडावा लागणार, आणि मुलगी हॉस्टेलवर. मग वडिलांनी एक युक्ती काढली. नव्या फाइलला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा नाव बदलायचं राहून गेलं आणि प्रोग्रामने मागच्याच दहा दिवसांचं बिल पुन्हा छापून दिलं. प्रोग्रामने कुठलीही एरर दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं. त्याला सांगितलेल्या पत्त्यावर फाइल होती आणि ती त्याने वाचली.

इथे कुणाच्या तरी घरातल्या पैशांचा प्रश्न आहे. गणित बरोबर, फाइल चुकीची. म्हणून ‘कुठली फाइल घ्यायची’ हा निर्णय कोडमध्ये पुरून ठेवायचा नसतो. तो दर वेळी समोर बसलेल्या माणसाला विचारायचा असतो. फाइल डायलॉगचं काम एवढंच आहे, पण ते फार मोलाचं आहे.

ही खिडकी आली कुठून?

जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. माउसने चालणारा हा कॉम्प्युटर सामान्य लोकांपर्यंत पोहोचला आणि त्यासोबत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक तयार सोय मिळाली. फाइल उघडण्याची आणि सेव्ह करण्याची खिडकी सिस्टिमनेच दिलेली. गंमत म्हणजे त्या पहिल्या मॅकमध्ये फोल्डर दिसायचे, पण फक्त दिसण्यापुरते. फाइल उघडण्याच्या खिडकीत मात्र डिस्कवरच्या सगळ्या फाइल्स एकाच लांबलचक यादीत यायच्या. डिस्कच लहान होती, म्हणून ते चालून गेलं.

विंडोजमध्ये ही सोय यायला १९९२ उजाडलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापली खिडकी स्वतः बनवायची. एका प्रोग्राममध्ये ‘ओपन’ बटण उजवीकडे, दुसऱ्यात खाली. विंडोज ३.१ सोबत मायक्रोसॉफ्टने ‘कॉमन डायलॉग’ नावाची तयार लायब्ररी दिली. तेव्हापासून नोटपॅड असो की पेंट, फाइल उघडायची खिडकी सारखीच दिसू लागली. एकदा शिकलात की सगळीकडे चालतं.

वेबसाइटवर फाइल जोडण्याची सोय त्यानंतरची. फॉर्ममधून फाइल कशी पाठवायची याचा पहिला प्रस्ताव नोव्हेंबर १९९५ मध्ये मांडला गेला. आज आपण सरकारी पोर्टलवर जे दाखले अपलोड करतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

आणि ही खिडकी बनवणं वाटतं तेवढं सोपं नाही, याचा एक मजेदार पुरावा. लिनक्सवरच्या अनेक प्रोग्राममध्ये जीटीके नावाची लायब्ररी वापरतात. तिच्या फाइल डायलॉगमध्ये फोटोंची छोटी चित्रं जाळीसारखी मांडून दिसावीत, अशी मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती सोय तयार झाली २०२२ च्या अखेरीस आणि लोकांच्या हातात आली २०२३ मध्ये. इंटरनेटवर या विषयावर वर्षानुवर्षं विनोद होत राहिले.

आपल्या प्रोग्राममध्ये खिडकी कशी बसवायची?

आता आपल्या दूध बिलाच्या प्रोग्रामकडे येऊ. भाषा पायथन धरू, कारण ती कॉलेजात शिकवली जाते आणि तिच्यासोबत ‘टीके-इंटर’ नावाची खिडक्या बनवण्याची लायब्ररी बहुतेक वेळा आयतीच मिळते.

पायरी १. मुख्य खिडकी बनवा आणि तिच्यावर एक बटण ठेवा. बटणावर ‘दुधाची फाइल निवडा’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘ओपन’ नको.

पायरी २. टीके-इंटरमधला ‘फाइल-डायलॉग’ हा भाग वेगळा मागवा. नवशिक्यांना वाटतं की टीके-इंटरमधलं सगळं एका ओळीत मागवलं की हाही आला. तो येत नाही. त्याचं नाव घेऊन मागवावा लागतो.

पायरी ३. एक फंक्शन लिहा. त्यात ‘आस्क-ओपन-फाइलनेम’ या तयार फंक्शनला हाक मारा. त्याला तीन गोष्टी सांगता येतात. खिडकीचं शीर्षक काय, सुरुवात कुठल्या फोल्डरपासून करायची आणि कुठल्या प्रकारच्या फाइल्स दाखवायच्या. आपल्याला फक्त सीएसव्ही हव्यात, तर तसं सांगायचं.

पायरी ४. हे फंक्शन बटणाला जोडा. इथे हमखास एक चूक होते. बटणाला फंक्शनचं फक्त नाव द्यायचं असतं, पुढचा कंस लावायचा नसतो. कंस लावला की प्रोग्राम सुरू होताच खिडकी आपोआप उघडते आणि नंतर बटण दाबलं तरी काहीच होत नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी कंस तपासा.

बस, एवढंच. दहा-बारा ओळींचं काम. ओळख फक्त या एका नावावर थांबवू नका. अनेक फाइल्स एकदम निवडायच्या असतील, पूर्ण फोल्डर निवडायचं असेल किंवा निकाल सेव्ह करायला जागा विचारायची असेल, तर प्रत्येकासाठी याच भागात वेगळं फंक्शन आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. ही खिडकी फाइल उघडत नाही. ती फक्त फाइलचा पत्ता आणून देते. पोस्टमनला घराचा पत्ता मिळाला म्हणजे पत्र पोहोचलं असं होत नाही, तसंच. त्या पत्त्यावर जाऊन फाइल उघडणं, वाचणं आणि ती योग्य आहे का हे बघणं, ही कामं तुमच्या प्रोग्रामची. सेव्ह करण्याच्या खिडकीचंही तेच. ती नाव आणि जागा विचारते, लिहिण्याचं काम तुमचं.

खिडकी बसली, पण घोळ इथे होतात

कॅन्सलचा विसर. माणूस खिडकी उघडतो, विचार बदलतो आणि कॅन्सल दाबतो. तेव्हा पत्त्याच्या जागी रिकामी ओळ परत येते. प्रोग्राम ती रिकामी ओळ घेऊन फाइल उघडायला जातो आणि आपटतो. म्हणून आधी विचारा, पत्ता मिळाला का? नसेल तर गप्प राहा. कॅन्सल ही चूक नाही, त्यावर लाल एरर दाखवायची गरज नाही.

मागे लपलेली खिडकी. फाइल डायलॉग उघडा असतो तोपर्यंत मागची मुख्य खिडकी थांबते. पण डायलॉग कुठल्या खिडकीचा आहे हे सांगितलं नाही, तर तो कधीकधी दुसऱ्या खिडक्यांच्या मागे जातो. समोरच्याला वाटतं कॉम्प्युटर हँग झाला. मग तो चार वेळा क्लिक करतो, शेवटी बंद करून पुन्हा चालू करतो. डायलॉगला त्याची मालक खिडकी कोणती ते सांगा, हा त्रास टळतो.

फिल्टरवर आंधळा विश्वास. ‘फक्त सीएसव्ही दाखवा’ असं सांगितलं म्हणजे चुकीची फाइल येणारच नाही, असं नाही. फिल्टर फाइलच्या नावाचं शेपूट बघतो, आतला मजकूर नाही. एखाद्या फोटोच्या नावापुढे सीएसव्हीचं शेपूट लावलं तरी तो यादीत दिसेल. फिल्टर हा गर्दी कमी करायला असतो. राखण करायला नाही.

निवडलेलं न दाखवणं. आपल्या दूध बिलासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. फाइल निवडली की लगेच बिल छापू नका. आधी पडद्यावर दाखवा : फाइलचं नाव, त्यातली पहिली तारीख, शेवटची तारीख, किती शेतकरी, एकूण किती लिटर. खाली दोन बटणं. ‘बरोबर आहे, बिल काढा’ आणि ‘दुसरी फाइल निवडा’. केंद्रचालकाला एका नजरेत कळेल की ११ ते २० जूनऐवजी १ ते १० जून आलंय. खिडकी माणसाला विचारते, पण माणूसही चुकीच्या फाइलवर क्लिक करू शकतो. तारखा समोर आल्या की ती चूक छपाईआधीच पकडली जाते.

गायब फोल्डर. सुरुवातीचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवलं आणि पेनड्राइव्हच काढला, तर? किंवा फाइल निवडली आणि वाचण्याआधी कुणी ती हलवली? फाइल उघडताना एरर आली तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवा. ‘फाइल सापडली नाही, पेनड्राइव्ह लावला आहे का ते बघा’ असा मराठी संदेश कुठल्याही इंग्रजी एरर कोडपेक्षा उपयोगी पडतो.

मराठी नावाची फाइल का अडते?

विंडोज ३.१ च्या काळात फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं आणि शेपूट तीन अक्षरांचं असायचं. त्यात मराठीला जागाच नव्हती. पुढे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमधून लोक मराठी टाइप करू लागले. पण तिथे आत साठवलेले कोड वेगळेच असायचे, त्यांना मराठी रूप मिळायचं ते फॉन्टमुळे. फाइलच्या नावाला हा फॉन्ट लावता येत नाही, म्हणून आतमध्ये सुंदर मराठी असलेल्या पत्राचं नाव मात्र इंग्रजीतच द्यावं लागे. ती सवय आजही अनेक कार्यालयांत दिसते.

युनिकोडने हे बदललं. आज फाइलचं नाव खुशाल देवनागरीत द्या, फाइल डायलॉग ते दाखवतो. तरी दोन ठिकाणी सांभाळावं लागतं.

पहिलं ठिकाण, नावाची लांबी. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नाव २५५ बाइट्सपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला ३. ‘कोल्हार’ हा शब्द घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात : को, ल्हा, र. कॉम्प्युटर मात्र सात चिन्हं मोजतो. क, ओकार, ल, पाय मोडण्याचं चिन्ह, ह, काना, र. सात गुणिले तीन, म्हणजे २१ बाइट्स. या हिशोबाने पूर्ण मराठी नाव फार तर ८५ चिन्हांचं होऊ शकतं, आणि त्यात काना-मात्रा सगळं आलं. विंडोजमध्ये हिशोब वेगळा आहे, तिथे २५५ चिन्हं चालतात. म्हणून विंडोजवर लांबलचक मराठी नाव दिलेली फाइल लिनक्सवर कॉपी करताना अडू शकते.

दुसरं ठिकाण, फाइलच्या आतली मराठी. शेतकऱ्यांची नावं मराठीत असतील आणि फाइल उघडताना ‘यूटीएफ-८ पद्धतीने वाच’ असं सांगितलं नसेल, तर विंडोजवर पायथन बऱ्याचदा जुन्या पद्धतीने वाचायला जातो. मग नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात किंवा प्रोग्राम एरर देऊन थांबतो. दोष फाइल डायलॉगचा नसतो, पण शिव्या त्यालाच पडतात. फाइल उघडण्याच्या ओळीत यूटीएफ-८ लिहा. एक्सेलमधून फाइल काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा.

ही खिडकी तुमचं रक्षण कसं करते?

आता प्रोग्राम न लिहिणाऱ्यांच्याही कामाची गोष्ट.

ब्राउझरमध्ये तुम्ही ‘फाइल निवडा’ दाबता, तेव्हा उघडणारी खिडकी त्या वेबसाइटची नसते. ती ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम दाखवतात. तुमच्या डाउनलोड्समध्ये काय काय आहे हे तुम्हाला दिसतं, वेबसाइटला नाही. तिला मिळते ती फक्त तुम्ही निवडलेली फाइल. ती कुठल्या फोल्डरमध्ये होती हेही तिला कळत नाही. वेबसाइटने पत्ता विचारला तर ब्राउझर ‘सी ड्राइव्ह, फेकपाथ’ असा खोटा पत्ता पुढे करतो. ‘फेक’ हा शब्दच त्यात घातलेला आहे.

फोनवरही हीच कल्पना आली. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये सिस्टिमची स्वतःची फाइल निवडायची सोय आली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये फोटो निवडायची वेगळी खिडकी आली. यातून ॲपला फक्त निवडलेला फोटो मिळतो. उलट एखादं ॲप ‘सगळ्या फोटोंची परवानगी द्या’ म्हणत असेल, तर तिथे थांबा. एक प्रोफाइल फोटो लावायला पूर्ण गॅलरी कशाला हवी?

पण एक फरक विसरू नका. विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केलेला प्रोग्राम तुमच्या खात्यातल्या बहुतेक फाइल्स न विचारताही वाचू शकतो. त्याने फाइल डायलॉग दाखवला म्हणजे तो सभ्य आहे याची हमी मिळत नाही. म्हणून प्रोग्राम कुठून डाउनलोड करताय ते महत्त्वाचंच राहतं.

सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत जाताना

सगळ्यात जास्त गडबड होते ती अनेकांनी वापरलेल्या कॉम्प्युटरवर. फाइल डायलॉगला सवय असते, शेवटचं वापरलेलं फोल्डर लक्षात ठेवण्याची. सोय म्हणून ती छान आहे. पण केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्स उघडलं की तुमच्या आधीच्या दहा जणांची आधार कार्डं, सातबारे आणि बँक पासबुकं समोर येतात. तुमचे कागद तुमच्या नंतरच्याला असेच दिसतात. वर सगळ्यांची नावं ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशी असली, तर एकाच्या अर्जाला दुसऱ्याचा दाखला जोडला जायला वेळ लागत नाही.

तर एवढं करा :

– घरून येतानाच फाइल्सना ओळखू येतील अशी नावं द्या. आपलं नाव, कागदाचं नाव, वर्ष. मराठीत दिली तरी चालतं, फक्त जुन्या पोर्टलवर अडलं तर इंग्रजी नावाची एक प्रत जवळ ठेवा.

– ‘ओपन’ दाबण्याआधी नाव वाचा. अपलोड झाल्यावर ‘पाहा’ असा पर्याय असेल तर फाइल उघडून बघा. सबमिट नंतर.

– काम झाल्यावर त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या फाइल्स डिलीट करायला सांगा. रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायला सांगा. व्हॉट्सॲप वेब किंवा मेल उघडला असेल तर लॉगआउट करा.

– फाइलच्या नावाचं शेपूट बघायची सवय लावा. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं, म्हणून ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूमधून शेपटं दाखवण्याचा पर्याय चालू करता येतो. व्हॉट्सॲपवर चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलचं शेपूट ‘एपीके’ असेल, तर ते ॲप आहे, कागद नाही. उघडू नका.

आणि तुम्ही केंद्र चालवत असाल, तर प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या नावाचं वेगळं फोल्डर करा. काम संपलं की ते फोल्डर पूर्ण काढून टाका. याला पाच सेकंद लागतात.

प्रोग्राम शिकणाऱ्यांनी जाता जाता एक प्रयोग करून बघावा. तुमचा प्रोग्राम घरातल्या अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला कोडिंगचा गंध नाही. काही सांगू नका, फक्त बघा. तो फाइल डायलॉगमध्ये कुठे अडखळतो, कॅन्सल दाबल्यावर काय होतं, चुकीची फाइल निवडली तर त्याला ते कळतं का. जिथे तो तुमच्याकडे वळून ‘आता काय करू?’ विचारेल, तिथे तुमच्या प्रोग्राममध्ये एक ओळ कमी आहे असं समजा.